राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, दोनापावला : प्रवाह मोजण्याची साठ वर्षे

मेढ्यातून निघणाऱ्या स्मरणिकेत गोव्यातल्या समुद्रसंस्थेचा इतिहास कशासाठी, असे कुणी विचारले तर उत्तर पाण्याच्या वाटेत आहे. महाबळेश्वराला उगम पावलेली वेण्णा मेढ्यावरून खाली उतरते, कण्हेरच्या धरणात थांबते आणि संगम माहुलीला कृष्णेला मिळते. धरणे, कालवे आणि उसाचे फड यांतून जे काही उरते ते कृष्णेबरोबर आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात पडते. शाळेच्या भूगोलात नदी इथे संपते. दोनापावल्याच्या शास्त्रज्ञांनी गेल्या चाळीसेक वर्षांत तिच्या पुढची वाट दाखवली. उपसागरात उतरलेले नद्यांचे आणि पावसाचे गोडे पाणी पावसाळा सरल्यावर पूर्व किनाऱ्यालगत दक्षिणेकडे वाहते. श्रीलंकेला वळसा घालून ते लक्षद्वीपच्या समुद्रात शिरते आणि तिथून पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे सरकते. सह्याद्रीच्या पूर्व अंगाला उतरलेल्या पाण्याचा अंश दक्षिण भारताला वळसा घालून सह्याद्रीच्या पश्चिमेच्या समुद्रात येतो, आणि पुढच्या जूनमध्ये आपल्याकडे येणाऱ्या पावसाशीही त्याचा संबंध आहे. हे ज्या संस्थेने मोजून, गणित मांडून दाखवले तिला १ जानेवारी २०२६ रोजी साठ वर्षे पूर्ण झाली. घाटावरच्या लोकांनी तिची ओळख करून घ्यायलाच हवी.

संस्थेचा जन्म एका मोठ्या मोहिमेतून झाला. १९५० च्या दशकापर्यंत जगातल्या महासागरांत हिंदी महासागराची माहिती सर्वांत तोकडी होती. अटलांटिकमधला गल्फ स्ट्रीम बारा महिने एकाच दिशेने वाहतो. आपल्या समुद्रातले प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतात, कारण वरचा वारा दोनदा दिशा बदलतो. अटलांटिक पाहून बांधलेले सिद्धान्त इथे जसेच्या तसे लागू पडत नव्हते. म्हणून १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. दहाहून अधिक देशांच्या चाळीसच्या वर जहाजांनी तिच्यात भाग घेतला. भारतीय नौदलाने आपली ‘किस्ना’ ही फ्रिगेट या कामाला दिली. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्वॅलो यांनी १९६४ च्या पावसाळ्यात सोमालियाच्या किनाऱ्याजवळचा प्रवाह मोजला. त्याचा वेग ठिकठिकाणी सेकंदाला साडेतीन मीटरच्या घरात भरला. उघड्या समुद्रातल्या सर्वांत वेगवान प्रवाहांपैकी हा एक, आणि हिवाळ्यात तोच उलटा वाहतो. मोहिमेत जमलेल्या सगळ्या आकड्यांवरून क्लाउस विर्टकी यांनी तयार केलेला नकाशासंग्रह १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९७३ मध्ये त्यांनीच विषुववृत्तावरचा पूर्ववाहिनी झोत दाखवून दिला. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर असा वर्षातून दोनदा तो उसळतो, आणि आज तो विर्टकींच्याच नावाने ओळखला जातो.

मोहीम संपली की जहाजे आपापल्या देशी परतणार, हे उघड होते. समुद्र मात्र आपल्या दारातच राहणार होता. मोहिमेचे भारतातले काम पाहणारे एन. के. पणिक्कर यांच्या नेतृत्वाखाली, वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या छत्राखाली, १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली आणि पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले. कारभार आधी दिल्लीहून चाले, नंतर मुख्यालय गोव्यात आले. गोवा मुक्त होऊन तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. मांडवी आणि झुआरी या दोन नद्यांच्या मुखांमधल्या भूशिरावर, दोनापावल्याला, संस्थेने कायमचे बस्तान बसवले. कोची, मुंबई आणि विशाखापट्टणम येथे प्रादेशिक केंद्रे झाली. ‘महासागर’ नावाचे नियतकालिकही संस्थेने काढले.

पहिल्या दहा वर्षांत संस्थेकडे खोल समुद्रात जाणारे स्वतःचे जहाज नव्हते. १९७६ मध्ये ‘गवेषणी’ आली. तेव्हा प्रवाह कसा मोजत, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण बहुतेक वेळा तो थेट मोजलाच जात नसे. जहाज ठरलेल्या ठिकाणी थांबे. पोलादी तारेला ठरावीक अंतरावर धातूच्या बाटल्या अडकवून तार खाली सोडत. प्रत्येक बाटलीला उलटे होणारे तापमापक जोडलेले असत. पाऱ्याला आजूबाजूच्या पाण्याचे तापमान येईपर्यंत काही मिनिटे थांबायचे आणि मग तारेवरून एक पितळी वजन खाली सोडायचे. ते पहिल्या बाटलीवर आदळले की बाटली उलटी होऊन बंद होई, पाऱ्याची रेघ त्या क्षणाच्या तापमानावर तुटे आणि बाटलीखाली टांगलेले दुसरे वजन सुटून पुढच्या बाटलीकडे जाई. असे शेवटच्या बाटलीपर्यंत. तार वर आली की भिंगातून अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत तापमान वाचायचे आणि पाण्याचा नमुना क्षारता काढण्यासाठी वेगळा ठेवायचा. हलत्या डेकवर, रात्री-अपरात्री, उलट्या होत असताना हे काम चाले. जहाजाच्या एका थांब्यात कधी कधी तासन्‌तास जात.

तापमान आणि क्षारता कळली की पाण्याची घनता कळते. दोन ठिकाणच्या घनतेतल्या फरकावरून त्यांच्यामधल्या पाण्याची उंची किती कमी-जास्त आहे याचा हिशेब होतो, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे या उंचीच्या उतारावरून प्रवाहाचा वेग काढता येतो. गोव्याच्या अक्षांशावर शंभर किलोमीटरला अवघा दहा सेंटिमीटर चढ असला तर सेकंदाला पाव मीटर वेगाचा प्रवाह वाहतो. पाणी उतारावरून सरळ खाली न जाता उताराला आडवे वाहते आणि आपल्या गोलार्धात उंच बाजू त्याच्या उजव्या हाताला राहते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत पाणी फुगले तर प्रवाह किनारा उजवीकडे ठेवून उत्तरेला जाणार. पुढचे सगळे या एका नियमावर उभे आहे.

सय्यद झहूर कासिम यांच्या कारकिर्दीत संस्था देशभर गाजली ती वेगळ्या कारणांनी. २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ने समुद्रतळावरून बहुधात्विक गोटे वर काढले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या बर्फाळ खंडावर पोहोचली. द्वारकेच्या समुद्रातले उत्खननही संस्थेच्या नावाशी जोडले गेले. ही कामे मोठीच होती, वर्तमानपत्रांनी त्यांचे कौतुक केले ते योग्यच. तरीही माझ्या मते संस्थेचे सर्वांत टिकाऊ काम त्याच सुमारास गाजावाजा न होता सुरू झाले. ते होते आपल्या किनाऱ्याचे प्रवाह समजून घेण्याचे.

१९८३ मध्ये जर्मनीत बांधलेले ‘सागर कन्या’ हे शंभर मीटर लांबीचे संशोधन जहाज देशाला मिळाले. आता खाली सोडल्यावर सलग तापमान आणि क्षारता नोंदवणारी विजेवर चालणारी उपकरणे हाताशी होती. सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ च्या पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा समुद्र दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत तपासला. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत हिवाळ्याची फेरी झाली. पावसाळ्यात जे दिसले ते अपेक्षेप्रमाणे होते. वारा किनाऱ्यालगत दक्षिणेकडे ढकलतो, वरचे पाणी दक्षिणेला जाते, आणि किनाऱ्याजवळ खालचे थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी वर येते. या प्रवाहाखाली, खंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ तळाच्या, उताराला चिकटून, उलट दिशेने वाहणारा एक अरुंद प्रवाहही आढळला.

हिवाळ्याने मात्र सगळ्यांना विचारात पाडले. त्या दिवसांत किनाऱ्यावर वारा उत्तरेकडून येतो. प्रवाह दक्षिणेला जायला हवा. तो उत्तरेला चालला होता, वाऱ्याला तोंड देऊन. केरळजवळ तो सुमारे चारशे किलोमीटर रुंद आणि दोनशे मीटर खोल होता. गुजरातकडे जाता जाता तो शंभरेक किलोमीटरपर्यंत आकसला आणि चारशे मीटर खोल झाला. वाऱ्याविरुद्ध एवढे पाणी ढकलणारे बळ कोठून आले? उत्तर पाण्याच्या उंचीत होते. हिवाळ्यात केरळच्या बाजूला समुद्र फुगलेला आणि उत्तरेकडे उतरलेला असतो. उपसागरातून आलेले कमी खारे, हलके पाणी या फुगवट्याचे एक कारण. हा किनाऱ्यालगतचा उतार वाऱ्याच्या बळापेक्षा भारी पडतो. ‘पश्चिम भारत किनारी प्रवाह’ हे नाव आज जगभरच्या शोधनिबंधांत वापरले जाते, त्यामागे या दोन फेऱ्या आहेत. पुढे उपसागरातही अशाच फेऱ्या होऊन ‘पूर्व भारत किनारी प्रवाहा’चे चित्र पूर्ण झाले. शेट्ये यांना १९९२ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. २००४ ते २०१२ या काळात ते संस्थेचे संचालक होते.

मोजणीने ‘काय’ ते सांगितले. ‘का’ हे सांगायला गणिती मॉडेल लागले. या कामात संस्थेचा अमेरिकेतल्या ज्युलियन मॅक्क्रिअरी यांच्याशी जो संबंध जुळला तो फार फलदायी ठरला. मॅक्क्रिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हिंदी महासागराचे जे मॉडेल प्रसिद्ध केले त्यात पाण्याचे फक्त काही थर धरले होते. वरचे दोन थर हलतात आणि त्यांखालचे अथांग पाणी स्थिर. आजच्या संगणकी मॉडेलांपुढे ते अगदी साधे वाटेल. पण त्या साधेपणातच त्याचे बळ होते. प्रत्यक्ष समुद्रात वारा बंद करता येत नाही, मॉडेलमध्ये येतो. अरबी समुद्रावरचा सगळा वारा पुसून टाका, फक्त उपसागरावरचा ठेवा आणि पाहा. पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह तरीही वाहू लागतो. डी. शंकर, शेट्ये, मॅक्क्रिअरी आणि वेईचिंग हान यांनी १९९६ मध्ये पूर्व किनाऱ्याच्या प्रवाहाची अशीच फोड केली. किनाऱ्यावरचा स्थानिक वारा, उपसागराच्या मध्यावरचा वारा, उपसागराच्या पूर्व आणि उत्तर काठावरचा वारा आणि विषुववृत्तावरचा वारा, ही चार कारणे एकेक करून तपासली. कोणत्या महिन्यात कोणते कारण भारी पडते हे त्यांनी दाखवले.

हा परिणाम इतक्या दूरवर पोहोचतो तो पाण्याच्या पोटातून जाणाऱ्या लाटांमुळे. किनारा उजव्या हाताला धरून या लाटा साधारण दिवसाला दोनशे किलोमीटर वेगाने चालतात. त्या वर दिसत नाहीत, पृष्ठभागावर त्यांची उंची काही सेंटिमीटरच असते. पण खालचा थंड-उष्ण पाण्याचा सांधा त्या कितीतरी मीटर वरखाली हलवतात. विषुववृत्तावरच्या विर्टकी झोतानंतरचा धक्का सुमात्राला आपटतो, किनारा धरून उपसागराला वळसा घालतो, श्रीलंका ओलांडून केरळला येतो आणि तिथून गोवा-कोकणाकडे चढतो. गोव्याच्या समुद्रात आज जे पाणी हलते आहे त्याचे कारण काही आठवड्यांपूर्वीच्या, हजारो किलोमीटर दूरच्या वाऱ्यात असू शकते. शंकर, पी. एन. विनयचंद्रन आणि ए. एस. उन्नीकृष्णन यांनी २००२ मध्ये उत्तर हिंदी महासागरातल्या मोसमी प्रवाहांचा जो समग्र आढावा लिहिला, त्याचा गाभा हाच आहे. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर वेगळे काढून समजत नाहीत.

आपल्या पावसाशी याचा धागा जुळतो तो लक्षद्वीपच्या समुद्रात. हिवाळ्यात तिथे पोहोचलेले हलके, कमी खारे पाणी वर तरंगत राहते आणि खालच्या थंड पाण्याशी सहज मिसळत नाही. फेब्रुवारी-मार्चपासून ऊन वाढले की हा पातळ थर लवकर तापतो. मेपर्यंत तिथले पाणी तीस अंशांच्या वर जाते आणि तो भाग महासागरातल्या सर्वांत उष्ण जागांपैकी एक होतो. सतीश शेणॉय, शंकर आणि शेट्ये यांनी १९९९ मध्ये या उष्ण पाण्याचा उगम प्रवाहांत दाखवला. मोसमी पावसाच्या आगमनाच्या वेळी जे चक्राकार वारे तयार होतात ते बऱ्याचदा याच परिसरात जन्मतात. पुढे सोमालियावरून येणारा वाऱ्याचा झोत जोर धरतो. १९६० च्या दशकात जॉन फिंडलेटर यांनी तो ओळखला, आणि त्याचा गाभा समुद्रापासून दीडेक किलोमीटर उंचीवर असतो. हा झोत अरबी समुद्रावरची वाफ घेऊन सह्याद्रीला धडकतो. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो तो यामुळे. मेढ्यात पावसाळ्यात वेण्णा ज्या पाण्याने फुगते ते अरबी समुद्रावरून आलेले असते. जावळीच्या खोऱ्यातल्या भातखाचरांचा हिशेब लक्षद्वीपजवळच्या क्षारतेपाशी जाऊन पोहोचतो, हे कळल्यावर माणूस आभाळाकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

१९९९ मध्येच शंकर आणि शेट्ये यांनी आणखी एक जुनी नोंद वाचून काढली. मुंबईत १८७८ पासून समुद्रपातळी मोजली जाते. ही पातळी काही दशकांच्या टप्प्यांत चढते-उतरते, आणि हा चढउतार देशात पडणाऱ्या मोसमी पावसाच्या चढउताराबरोबर चालतो. जमिनीवर जास्त पाऊस पडला की नद्या जास्त गोडे पाणी सोडतात, किनाऱ्यालगतचे पाणी हलके होते आणि फुगते, असा त्यांनी लावलेला अन्वय. शंभर वर्षांहून जुनी ती मोजपट्टी कुणीतरी रोज नेमाने वाचली म्हणूनच हे कळू शकले.

जहाजाच्या फेऱ्यांची एक मर्यादा होती. जहाज महिनाभर समुद्रात राहते, प्रवाह बारा महिने वाहतो. म्हणून यंत्रे समुद्रातच ठेवायची ठरली. २००० पासून संस्थेने विषुववृत्तावर, पूर्व हिंदी महासागरात, खोल पाण्यात नांगरलेले प्रवाहमापक बसवायला सुरुवात केली. २००८ पासून पश्चिम किनाऱ्याच्या उतारावर आणि नंतर पूर्व किनाऱ्यावर ध्वनीने प्रवाह मोजणारी यंत्रे लावली गेली. मुंबई, गोवा, भटकळ, कोल्लम, कन्याकुमारी, आणि आपल्याला जवळचे म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातले जयगड. मेढ्याहून जयगडचे बंदर हवाई अंतराने शंभर किलोमीटरही नाही. यंत्र मात्र तिथून बरेच आत आहे, जिथे खंडमंच संपून तळ एकदम खोल जातो.

या यंत्राची रचना अशी. समुद्र सुमारे हजार मीटर खोल असतो तिथे तळाशी भले मोठे वजन टेकवतात. त्याला जोडलेला दोर वर ताठ उभा राहावा म्हणून बोये लावतात. पण सगळ्यांत वरचा बोयाही पाण्याखालीच राहतो, नाहीतर लाटा आणि जहाजे त्याचा निकाल लावतील. दीड-दोनशे मीटर खोलीवर वर तोंड करून बसवलेले यंत्र ठरावीक वेळाने ध्वनीचा ठोका सोडते. पाण्याबरोबर वाहणारे सूक्ष्म जीव आणि कण तो परत पाठवतात. स्टेशनात येणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना आणि लांब जाताना वेगळ्या पट्टीत ऐकू येते, तसाच परतलेल्या आवाजाच्या पट्टीत फरक पडतो, आणि त्यावरून प्रत्येक खोलीवरचा वेग आणि दिशा निघते. साधारण वर्षभराने जहाज त्याच ठिकाणी येते. डेकवरून ध्वनीचा सांकेतिक संदेश खाली जातो. तळाजवळचा हूक उघडतो, वजन तिथेच राहते आणि दोर, बोये, यंत्र वर यायला निघतात. काही मिनिटे सगळे जण कठड्याला टेकून पाण्यावर नारिंगी ठिपका शोधत असतात. ठिपका दिसला की होडी उतरते. यंत्रावर शिंपले आणि शेवाळ चढलेले असते, दोराला मासेमारीच्या जाळ्याचे तुकडे गुंडाळलेले असतात. काही वेळा ठिपका दिसतच नाही. जाळ्यात ओढला गेला, दोर तुटला, हूक उघडला नाही, कारण काहीही असो, वर्षभराची नोंद गेली. पुन्हा यंत्र लावायचे.

अशा सलग नोंदींतून जे दिसले ते फेऱ्यांतून कधीच दिसले नसते. ऋतूप्रमाणे दिशा बदलणाऱ्या प्रवाहावर काही आठवड्यांचे मोठे चढउतार स्वार झालेले असतात, इतके की एखाद्या महिन्यात प्रवाह ऋतूच्या नेमाविरुद्धही वाहतो. खालचा उलटा प्रवाह कधी वर येतो, कधी नाहीसा होतो. या उलट्या प्रवाहाला महत्त्व आहे, कारण पावसाळ्यात किनाऱ्यालगत वर येणाऱ्या पाण्यात प्राणवायू किती उरणार हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते. वाजिह नक्वी यांच्या गटाने २००० मध्ये गोव्याच्या समुद्रातल्या प्राणवायूच्या तुटीवर जगाचे लक्ष वेधले. मच्छीमारांना त्याचा फटका बसतो.

आता साधने वाढली आहेत. महासागरांत सुमारे चार हजार स्वयंचलित आर्गो तरंगी दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपासून वर येतात आणि उपग्रहाला नोंदी देतात. २०१३ मध्ये सोडलेल्या भारत-फ्रान्सच्या ‘सरल’ उपग्रहाने समुद्राची उंची मोजली. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र मॉडेलवरून प्रवाहांचे अंदाज देते. तेल सांडले तर ते कुठे जाईल आणि बुडालेल्या होडीतली माणसे कुठे शोधायची हे त्यातून ठरते. शेणॉय पुढे या केंद्राचे संचालक झाले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या मोसमी अंदाजात समुद्राचे मॉडेल वातावरणाच्या मॉडेलला जोडलेले असते. संस्थेकडेही २०१४ पासून सुरतेत बांधलेले ‘सिंधु साधना’ हे ऐंशी मीटर लांबीचे जहाज आहे.

तरंगी उघड्या समुद्रात उत्तम चालतात, पण किनाऱ्याच्या अरुंद उतारावर टिकत नाहीत. उपग्रहाची नजर किनाऱ्याजवळ अंधूक होते आणि पाण्याच्या आत तिला दिसत नाही. मॉडेलांना ऋतूंचा फेरा जमतो, आठवड्यांचे चढउतार आणि खालचा उलटा प्रवाह पकडताना त्यांची दमछाक होते. मॉडेल बरोबर की चूक हे सांगायला आजही आधार आहे तो उतारावर उभ्या केलेल्या त्या दोरांचा. त्यांच्यासाठी जहाजाचे दिवस मिळवणे, सुटे भाग आणि बॅटऱ्या वेळेवर मिळवणे आणि हरवलेल्या यंत्राच्या जागी नवे लावणे, हा दोनापावल्याच्या कामाचा दरवर्षीचा भाग आहे.